आठशे चाळीस मीटर

भाद्रपदातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, धरमपेठेतल्या एका रस्त्याच्या कडेला खोदलेल्या खड्ड्यातून दोन पोलिसांनी माझ्या बाबांना वर बोलावलं आणि चौकीत नेलं. बाबा टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करत. खड्डा नेमका कुठे खोदायचा, हे आदल्या संध्याकाळी आमच्या घरात ठरलं होतं. त्यासाठीचा हिशेब मी केला होता. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते.

आमचं घर इंदोऱ्यात होतं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली माझ्या पुस्तकांची फळी, आणि खाली आईचं बिड्यांचं सूप. सकाळी वंदना झाली की आई तेंदूची पानं भिजवायला टाकायची आणि संध्याकाळपर्यंत कात्रीचा आवाज चालू असायचा. पाण्यात भिजलेल्या पानाचा वास घरातल्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या वह्यांनाही यायचा. बाबांच्या कपड्यांना मेणाचा आणि शिशाचा वास यायचा. पलीकडच्या वस्तीत कोष्ट्यांचे माग चालत. त्यांची खटखट आणि गिरणीचा भोंगा यांवर आमचा दिवस चालायचा, घरात घड्याळ असूनही. संध्याकाळी बहुतेक चून-भाकर, जवसाची चटणी आणि कांदा. रविवारी बाबा स्वतः पाटोडीचा रस्सा करत, आणि त्या दिवशी आईने चुलीकडे पाहायचंही नाही असा त्यांचा नियम होता.

त्या उन्हाळ्यात खात्यात संप झाला. बाबा संपात होते. एकोणीस दिवस तुरुंगात राहून ते परत आले, कामावर घेतले गेले, पण त्यांच्या नोकरीत खंड पडल्याचा कागद आला आणि पुन्हा काही झालं तर थेट घरी बसवू, असं तोंडी सांगण्यात आलं. त्यानंतर आमच्या घरातल्या आवाजांची विभागणी झाली: ओळखीचे आणि बाकीचे. दाराशी सायकल थांबली की आईची कात्री थांबायची. स्टँड लावायच्या पद्धतीवरून माणूस ओळखू आला की कात्री पुन्हा सुरू व्हायची. बूट वाजले तर मी पुस्तक मिटून बसायचे. का मिटायचे, ते मला आजही सांगता येत नाही. युनियनच्या पावत्यांचं पुस्तक आईने ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी घातलं होतं. त्यामुळे पीठ काढताना तिचा हात डब्यात खोल जात नसे, आणि डबा अर्ध्यावर आला की ती दळण आणायची घाई करायची.

संपामुळे आणखी एक गोष्ट झाली. केबलमधला दोष कुठे आहे हे मोजणारा जो माणूस होता, तो निलंबित झाला आणि त्याचं यंत्र बाबांच्या हातात आलं. काळ्या बेकेलाइटची, छातीशी धरता येईल एवढी पेटी. एका बाजूला फिरवायची मूठ, वर काचेखाली सुई आणि आकड्यांच्या चार चकत्या. एका हाताने मूठ फिरवत राहायची आणि सुई बरोबर मध्ये येईपर्यंत दुसऱ्या हाताने चकत्या जुळवायच्या. चकत्यांवर जो आकडा येतो तो तारेचा अडथळा, म्हणजे ओहम. तांब्याची तार जितकी लांब तितका अडथळा जास्त. त्यामुळे एक्सचेंजमध्ये बसून, दोषाच्या जागेपर्यंतच्या तारेचा अडथळा कळला की ती जागा किती मीटरवर आहे ते काढता येतं. बाबांना खात्याकडून एक कार्ड मिळालं होतं: शंभर मीटरला पावणेतीन ओहम. मूठ फिरवणं आणि सुई जुळवणं त्यांना चार दिवसांत जमलं. पावणेतीनने भागणं जमलं नाही. ते चौथीपर्यंत शिकले होते. म्हणून ते एका वहीत आकडे उतरवून घरी आणत आणि जेवणं झाली की वही माझ्यापुढे सरकवत. सरकारी वही घरी आणणं नियमात बसत नव्हतं. हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे.

सोमवारी आलेला दोष नेहमीचा नव्हता. तार तुटली तर फोन मुका होतो. इथे फोन चालू होते, पण एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी ऐकू येत होतं. केबलच्या आत शेकडो तारा कागदात गुंडाळलेल्या असतात आणि वरून शिशाचं आवरण असतं. आवरणाला कुठे छिद्र पडून पाणी शिरलं की कागद ओला होतो, तारांमधून वीज पाझरते आणि आवाज एका जोडीतून दुसरीत जातात. खात्यातल्या कोणालाही हे ठाऊक होतं. पण ज्याचं बोलणं शेजारच्या डॉक्टरांच्या घरी ऐकू गेलं, तो पोलीस खात्यातला वरचा अधिकारी होता. त्याने पाण्याचा विचार केला नाही. कोणीतरी केबल उघडून आपल्या तारेला तार लावली आहे, असं त्याने धरलं, आणि संपात आत गेलेल्या माणसांची यादी दुपारपर्यंत एक्सचेंजकडून मागवली गेली.

त्या संध्याकाळी जेवणाआधीच बाबांनी वही पुढे ठेवली तेव्हा ही यादीची गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. ती नंतर कळली. वहीत दोन आकडे होते. वर कोपऱ्यात ‘लूप ७७’ आणि खाली ‘फॉल्ट २३.१’. लूपचा आकडा म्हणजे लांबच्या टोकाला दोन तारा पिळून एकत्र केल्यावर जाऊन-येऊन होणारा अडथळा. पलीकडच्या माणसाने तारा नीट पिळल्या की नाही एवढं बघायला तो घेतात, असं बाबांना सांगण्यात आलं होतं. ते तो नेमाने लिहीत आणि मी त्याकडे नेमाने दुर्लक्ष करत असे. मी तेवीस पूर्णांक एक दशांशला पावणेतीनने भागलं. आठ पूर्णांक चार. म्हणजे एक्सचेंजपासून आठशे चाळीस मीटर.

बाबा म्हणाले, “पुन्हा कर वं.”

मी पुन्हा केलं. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं आणि या वेळी ते माझ्या खांद्यावरून पेन्सिलीकडे बघत उभे राहिले. उत्तर तेच आलं.

“आठशे चाळीसवर काय आहे?” मी विचारलं.

“सांधा हाय,” बाबा म्हणाले. “माहा.”

चैत्रात, संपाच्या आधी, त्या ठिकाणी दोन केबल जोडण्याचं काम त्यांनी केलं होतं. सांधा बंद करताना आत एक चिठ्ठी ठेवायची पद्धत होती. जोडणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुढे कोणी उघडलं तर काम कोणाचं ते कळावं म्हणून. बाबांनी ती चिठ्ठी माझ्याकडूनच लिहून नेली होती, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

आईने कात्री खाली ठेवली. “सातशे सांगा न. आठशे चाळीस काहून सांगता?”

“सातशेवर खोदलं आन् काही नाई निघालं, मंग?”

“नाई निघालं तर नाई निघालं. कोनाचं काय जाते?”

“साहेब पुन्हा मोजाले लावन.”

“मोजा मंग.”

“सुई तेच सांगन ना. ते काही युनियनची थोडीच हाय.”

आई हसली नाही. “तुमच्याच हातचा सांधा, तुमचंच नाव आत, आन् तुमीच त्याहिले जागा दाखवता. असा मानूस मी पाह्यला नाई.”

बाबांनी वही मिटली. मग त्यांनी एका चिठोऱ्यावर ८४० लिहून ते खिशात घातलं. भाकरी त्यांनी अर्धीच खाल्ली. मी त्या रात्री तोच भागाकार मनात करत पडून राहिले. उत्तर चुकावं म्हणून मी तो करत होते, आणि तो दर वेळी बरोबर येत होता.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कुदळ मारण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांकडून मोजायचं आणि दोन्ही आकड्यांची बेरीज केबलच्या लांबीएवढी येते का ते पाहायचं, असा त्या कामाचा शिरस्ता होता. बाबा तो नेहमी पाळत. त्या सोमवारी तेवढा वेळ मिळाला नाही, आणि मंगळवारी सकाळी त्यांनी तो पाळला नाही. पुढे मी त्यांना कारण विचारलं. ते म्हणाले, आकडा आपल्याच सांध्यावर आला म्हटल्यावर तो खोटा असंल हे मनातच आलं नाही.

मंगळवारी दुपारी बाराच्या पुढे दाराशी सायकल थांबली. स्टँडच्या आवाजावरून आईने ओळखलं, गफूरकाका. ते लाइनमन होते. बाबा एक्सचेंजकडून मोजत तेव्हा लांबच्या टोकाला तारा पिळून उभे राहणारे तेच. ते दारातून आत आले नाहीत.

“भाभी, घाबरू नका. चौकीत बसवलं हाय फक्त. मारलं-बिरलं नाई.”

आईने विचारलं, “सांधा निघाला?”

“निघाला न. सुखा ठनठनीत. कागद असा पांढरा का लग्नाची पत्रिका. चिठ्ठीवरची शाई भी नाई फुटली.”

“मंग काहून नेलं?”

गफूरकाकांनी जे सांगितलं ते असं. सांधा कोरडा निघाला तेव्हा बाबांना क्षणभर बरं वाटलं. मग हवालदाराने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, नाव तर ह्याचंच हाय. टेलिफोन खात्याचे इन्स्पेक्टर मुजुमदारसाहेब काठावर उभे होते. त्यांनी विचारलं, इथे काही नाही, तर आठशे चाळीस हा आकडा आणला कुठून? बाबा म्हणाले, सुईने सांगितला. हिशेब कोणी केला, असं त्यांनी विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही. हवालदाराच्या मते याचा अर्थ सरळ होता: खरी जागा या माणसाला माहीत आहे, म्हणून त्याने सगळ्यांना भलतीकडे खोदायला लावलं. सांधा सदोष निघाला असता तर निष्काळजीपणाचा ठपका बसला असता. तो चांगला निघाल्यामुळे कारस्थानाचा बसला.

गफूरकाका पाणी प्यायला थांबले तेवढ्यात आई आत गेली. तिने पिठाचा डबा परातीत उपडा केला, पावत्यांचं पुस्तक काढलं आणि चुलीत घातलं. चूल विझलेली होती. तिने राख बाजूला सारून निखारा शोधला आणि फुंकर घातली. पुस्तकाच्या कडांनी पेट घेतला तशी तिने पुढच्या खोलीतल्या फळीवरून आकड्यांची ती वही ओढून आणली.

“आई, ती नको.”

“घराची झडती आली तर? सरकारी वही हाय. तुह्या हातचे आकडे हायेत त्यात.”

मी वहीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघी चुलीपुढे उकिडव्या बसून वही ओढत होतो आणि दोघींच्याही हातांना पीठ लागलं होतं. वही सोमवारच्या पानावर उघडी होती. माझ्या तोंडापुढे वरचा कोपरा होता. लूप ७७.

जाऊन-येऊन सत्याहत्तर. एका वाटेचे साडेअडतीस. साडेअडतीस भागिले पावणेतीन हे मी तोंडी केलं, कारण कागद आईच्या हातात होता. चौदा. म्हणजे चौदाशे मीटर.

“काका,” मी बाहेर येऊन विचारलं, “ती केबल किती लांब आहे?”

“बाराशे. नकाशावर बाराशेच हाय.”

“मग यंत्र चौदाशे का सांगतं?”

गफूरकाकांनी लोटा खाली ठेवला.  मग म्हणाले, “मधी कोनी बारीक तार घातली असंल तर सांगंल. बारीक तारेले अडथळा जास्त. दुप्पट भी राहते कधी.”

सांगायचं तर एवढंच होतं. कधीतरी कोणीतरी दोनशे मीटरचा खराब तुकडा काढून त्या जागी बारीक तारेची केबल घातली होती आणि नकाशावर लिहिलं नव्हतं. यंत्राला ते दोनशे मीटर चारशे वाटत होते. पण ते सांगायचीच मला भीती वाटत होती. सांगायचं तर वही दाखवावी लागणार, आणि वही दाखवली की ती घरी येते हे कळणार, बाबांना भागाकार येत नाही हे कळणार, आणि चार महिने खात्याचे खड्डे एका शाळकरी मुलीने ठरवले हेही. तेवढ्यावरही त्यांना घरी बसवता आलं असतं. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “चौकीपेक्षा घर बरं,” आणि तिने वहीवरचं पीठ पदराने पुसलं.

गफूरकाकांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी धरमपेठेत गेले.  दोन चौकांत पोलीस उभे होते आणि दोन्ही वेळा मी वही फ्रॉकच्या पोटाशी दाबून खाली बघितलं. खड्ड्याशी पोचलो तेव्हा मजूर झाडाखाली बसले होते. मुजुमदारसाहेब नकाशा गुडघ्यावर घेऊन खुर्चीवर होते आणि बाजूला हवालदार उभा होता. बाबांची हत्यारांची पिशवी खड्ड्याच्या काठावर तशीच पडली होती.

“ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“त्यायची पोरगी, साहेब,” गफूरकाका म्हणाले. “हिशेबाचं काही म्हणते.”

 मी वही उघडून पुढे धरली आणि लूपच्या आकड्यावर बोट ठेवलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं, नकाशाच्या मागे स्वतः भागाकार केला आणि मग वहीची आधीची पानं उलटायला सुरुवात केली. पान पान उलटत ते मागे गेले. सगळ्या पानांवर दोन अक्षरं होती, बाबांचं मोठं आणि माझं बारीक.

“हे आकडे तू काढतेस?”

“हो.”

“कधीपासून?”

“चार महिने झाले.”

हवालदार जवळ सरकला. “साहेब, सरकारी कागद घरी नेते म्हंजे—”

“थांबा हो,” मुजुमदारसाहेब म्हणाले. ते पुढे काय करणार आहेत हे त्यांच्या आवाजावरून कळत नव्हतं. नंतर बातमीदार म्हणून कितीतरी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचं काम मी केलं. समोरच्या माणसाच्या आवाजाची तशी भीती मला पुन्हा वाटलेली नाही. त्यांनी वही मिटून स्वतःच्या काखेत धरली आणि गफूरकाकांना सांगितलं, “पेटी घ्या. त्या टोकाकडून मोजा. एक्सचेंजकडे तारा पिळायला माणूस पाठवतो.”

मोजायला पाऊण तास लागला. लांबच्या टोकाला रस्त्याच्या कडेला तारांची टोकं असलेलं लोखंडी कपाट होतं, त्याच्यापुढे उकिडवे बसून गफूरकाकांनी मूठ फिरवली. त्यांना यंत्राची सवय नव्हती, त्यामुळे सुई मध्ये ठरायला वेळ गेला. पंधरा पूर्णांक चार. मी साहेबांच्या देखत भागलं. पाचशे साठ मीटर. आठशे चाळीस आणि पाचशे साठ मिळून चौदाशे झाले. म्हणजे दोनशे मीटर जास्तीचे होते, आणि ते एका बाजूच्या आकड्यातून वजा करायचे होते. लांबच्या टोकाकडून वजा केले तर दोष आठशे चाळीसवरच राहत होता. तिथे खोदून झालं होतं. एक्सचेंजकडून वजा केले तर सहाशे चाळीस.

साहेबांनी मजुरांना टेप धरायला लावली. सहाशे चाळीसची खूण एका घराच्या फाटकापुढे पडली. खोदायला सुरुवात झाली तेव्हा मला हिशेबाची खात्री होती, पण एक गोष्ट राहून गेली होती. बारीक तार दोन तुकड्यांत असेल तर? थोडी इकडे, थोडी तिकडे? मग दोष सहाशे चाळीस आणि आठशे चाळीस यांच्या मध्ये कुठेही असू शकत होता. ही शक्यता साहेबांच्याही लक्षात आली असावी. ते माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. तिसरा खड्डा खोदू देणार नाही, असं हवालदाराने आधीच ऐकवलं होतं.

हातभर खोलीवर कुदळ लोखंडावर वाजली. नळाचा पाइप निघाला, फाटकातून आत जाणारा. त्याच्याखाली वीतभर खोल केबल होती. तिच्यावर चिखल होता, त्यामुळे काही दिसत नव्हतं. केबल उघडायचं काम जोडणाऱ्यानेच करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. साहेबांनी हवालदाराला सांगितलं, त्यांना घेऊन या.

बाबा दोन शिपायांच्या मधून चालत आले. त्यांच्या पायात चपला नव्हत्या. मला तिथे पाहून ते थांबले आणि पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. वही साहेबांच्या काखेत दिसली तेव्हा त्यांनी मान खाली घातली. कोणी त्यांना काही समजावलं नाही. ते खड्ड्यात उतरले, पिशवी मागितली, चिंधीने केबल पुसायला लागले. हवालदार काठावर वाकून त्यांच्या मानेवरून बघत होता. पुसता पुसता बाबांचा हात थांबला.

“साहेब,” ते म्हणाले, “हे पाहा.”

शिशाच्या आवरणावर बोटभर लांबीचा कुदळीचा घाव होता. जुना, कडा काळ्या पडलेल्या. पाइप टाकायला खोदणाऱ्याच्या हातून तो बसला होता. बाबांनी सुरीने आवरण कापून उचललं. आतला कागद पिवळा पडून तारांना चिकटला होता आणि दाबल्यावर त्यातून पाणी आलं. हवालदाराने खाली उतरून स्वतः बोट लावून पाहिलं आणि ते बोट शर्टाला पुसलं. साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला.

बारीक तारेचा तुकडा पुढच्या महिन्यात एक्सचेंजपासून तीनशे मीटरवर सापडला. तो कोणी घातला हे कळलं नाही. वही साहेबांनी परत दिली नाही आणि तिच्याबद्दल काही लिहिलंही नाही. दोष मोजायचं यंत्र आठवड्याने दुसऱ्या माणसाकडे गेलं आणि बाबा पुन्हा नुसती जोडणी करू लागले.

मी वर्तमानपत्रात लागल्यावर सहा वर्षांनी त्या चौकीची डायरी मागून पाहिली. त्या मंगळवारी बाबांच्या नावापुढे दोन नोंदी आहेत. अकरा वाजून दहा मिनिटांनी विचारपुशीसाठी आणला. पाच वाजून पाच मिनिटांनी जाऊ दिला. मधल्या वेळात त्यांना केबल उघडायला बाहेर नेल्याची नोंद नाही.